घाट सोडा, सिग्नल धरा

इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका ताईंचं पत्र आलंय. पत्र चार पानी आहे, म्हणून सार तेवढं देतो.

"गेल्या दसऱ्याला नवी गाडी घेतली. डावा गुडघा दुखतो, क्लच दाबवत नाही, म्हणून मुद्दाम एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी, घेतली. पहिल्या दिवसापासून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटका मारते. मार्चमध्ये ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात ट्रकांच्या रांगेत अडकलो, तिथे गाडी मागे सरकली, समोर लाल दिवा लागला आणि जळका वास आला. त्यानंतर दोनदा असं झालं की सकाळी घरून निघाले आणि पलासियाच्या सिग्नलवरून उठताना 'डी' (पुढे जायचा गिअर) गेला, 'एन' (न्यूट्रल) लुकलुकायला लागला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर नुसतं इंजिन ओरडतंय. बंद करून चालू केल्यावर ठीक. तीनदा वर्कशॉपमध्ये टाकली. दोनदा म्हणाले, 'मॅडम, ऑटोमॅटिक में ऐसा ही होता है.' तिसऱ्यांदा सॉफ्टवेअर टाकलं म्हणाले. आता म्हणतात क्लचप्लेट गेली असेल, ती वॉरंटीत येत नाही. दीर म्हणतात ओळखीच्या मिस्त्रीला दाखवा. पुण्याचा मुलगा म्हणतो नवी गाडी माग, नाहीतर कोर्टात जा. शेजारी म्हणतात विकून मोकळे व्हा. माझं चालवणंच चुकतंय का?"

ताई, आधी एक कबुली. मी बावीस वर्षं वर्कशॉपच्या काउंटरच्या पलीकडे बसलोय. 'ऐसा ही होता है' हे वाक्य मीही म्हटलेलं आहे. कधी ते खरं होतं, आणि कधी बाहेर अकरा गाड्या उभ्या होत्या आणि माझा डबा उघडायचा राहिला होता. तेव्हा त्या पोरावर फार चिडू नका. पण त्याचं म्हणणं तसंच्या तसं मानूही नका.

तुमच्या पत्रात खरं तर तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि तुम्ही तिन्ही एका पिशवीत भरून काउंटरवर ओतता. पलीकडचा माणूस काय करतो? त्यातली सगळ्यात हलकी उचलतो, तिचं उत्तर देतो आणि पिशवी परत करतो. म्हणून आपण आधी पिशवी रिकामी करू.

पहिली तक्रार झटक्याची. शोरूममध्ये 'ऑटोमॅटिक' हा एक शब्द चार वेगळ्या यंत्रांना वापरतात. टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी तेलातून ताकद पाठवते, म्हणून ती लोण्यासारखी चालते. सीव्हीटीत गिअरच नसतात, दोन पुल्या आणि एक पट्टा असतो. तिथे झटका नसतो, पण जोरात दाबलं की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून येते. डीसीटीत दोन क्लच असतात. मोकळ्या रस्त्यावर झकास, पण त्यातला कोरड्या क्लचचा प्रकार रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतो. आणि तुमची एएमटी, जी आपल्याकडे २०१४ पासून छोट्या गाड्यांत आली आणि स्वस्त म्हणून घरोघरी गेली, तिच्यात गिअरबॉक्स आणि क्लच साध्या गाडीचाच असतो. तुमच्या डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम तेवढं अ‍ॅक्च्युएटर नावाचं एक छोटं यंत्र करतं, आणि त्याला हुकूम देणारा एक कॉम्प्युटर असतो. गिअर बदलताना तुम्ही पूर्वी जसा क्लच दाबत होता तसाच तोही दाबतो. तेवढा वेळ चाकांना ताकद मिळत नाही, आणि डोकं पुढे डुलतं. दुसऱ्या गिअरवर जायच्या बेताला उजवा पाय किंचित सैल करून बघा, निम्मा झटका जाईल. उरलेला या जातीचा स्वभाव आहे. शोरूमवाल्यानं चाचणीला दिलेली गाडी रिकाम्या रिंग रोडवर फिरवली असणार, त्यामुळे तेव्हा तो कळला नाही. ही तक्रार आजपासून सोडून द्या. खरंच सोडा, कारण ती ऐकली की काउंटरवरचा माणूस पुढचं ऐकतच नाही.

दुसरी, भेरूघाटाची. इथे मला तुम्हाला एक अवघड प्रश्न विचारावा लागतोय. रांगेत गाडी उभी असताना ती ब्रेकवर धरली होती की अ‍ॅक्सिलरेटर थोडा थोडा दाबून? बहुतेक जण दुसरं करतात. ऑटोमॅटिक आहे, आपोआप धरेल, असं वाटतं. पण एएमटीत असं धरून ठेवलं की क्लचप्लेट अर्धवट जुळलेली राहते आणि घासत बसते. दोन-तीन मिनिटांत तापते. जळका वास तोच. मग ती ताकद देईनाशी होते, दिवा लागतो, आणि चढ असेल तर गाडी मागे येते. मागे ट्रक असताना जीव किती घाबरला असेल ते कळतं, त्या घाटात मीही दुपारच्या दुपारी काढल्यात. चढावर थांबायचं तर ब्रेक, आणि जास्त वेळ असेल तर 'एन' आणि हँडब्रेक. पुढच्या ट्रकच्या मागे वीतभर वीतभर सरकू नका, वीस फूट मोकळे होऊ द्या आणि एकदाच उचला. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. काही गाड्यांत चढावर ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंद धरून ठेवायची सोय असते. तुमच्या मॉडेलमध्ये ती आहे का ते माहितीपुस्तिकेत बघा. असूनही गाडी सरकली असेल तर ते वेगळं नोंदवा.

पण हट्टानं घाटाचीच गोष्ट पुढे करत राहिलात तर हराल. तुम्हाला वाटतं तो सगळ्यात भयंकर प्रसंग, म्हणून तोच सगळ्यात मोठा पुरावा. वर्कशॉपसाठी तो सगळ्यात सोपा आहे: चढ होता, ट्रॅफिक होतं, वास आला, म्हणजे चालवणाऱ्याची चूक. विषय संपला.

तिसरी तक्रार मात्र सोन्यासारखी आहे. सकाळची वेळ, गाडी थंड, पलासियाचा सपाट रस्ता, चढ नाही, ताप नाही, आणि तरी 'डी' सोडून गाडी 'एन'मध्ये जाते. हा स्वभाव नाही आणि तुमचा पायही नाही. यात तुमचं चालवणं अजिबात चुकलेलं नाही. दोष अ‍ॅक्च्युएटरमध्ये असेल, एखाद्या सेन्सरमध्ये असेल, किंवा साध्या बारीक गोष्टीत. माझ्या काळात निम्म्या वेळा सगळा घोळ ब्रेक पेडलवरच्या स्विचचा नाहीतर बॅटरीचा निघायचा. गाडीला ब्रेक दाबल्याचं कळलं नाही तर ती गिअर घेत नाही. बॅटरी कमजोर असेल, अर्थिंग सैल असेल तर सकाळी अ‍ॅक्च्युएटरला पुरेसा जोर मिळत नाही. हे दोन्ही तपासायला वीस मिनिटं लागतात. तीन फेऱ्यांत कुणी तपासले का, ते विचारा. आणि ड्रायव्हरच्या पायाखाली जाड चटई कंपनीच्या चटईवर अंथरली असेल तर ती आजच काढा. हसू नका, पेडलखाली चटई गोळा झालेल्या गाड्या मी हातानं सरळ केल्यात.

आता कागद. तुमचं खरं दुखणं गिअरबॉक्सइतकंच इथे आहे. तुम्ही विचार मराठीत करता, काउंटरवर हिंदीत बोलता, आणि जॉब कार्ड, म्हणजे गाडी घेताना तक्रार लिहितात तो कागद, छापलं जातं इंग्रजीत. या तीन उड्यांत तक्रार दर वेळी बारीक होत जाते. तुम्ही म्हणता, सिग्नलवर 'डी' गेला आणि मागचे रिक्षावाले शिव्या देत होते. कार्डावर उमटतं 'जनरल चेकअप', फार तर 'जर्क'. महिनाभरानं कंपनीचा माणूस फाइल उघडतो तेव्हा त्याला दिसतं, ग्राहक तीनदा आला, काहीही सापडलं नाही. तुमच्या जुन्या तिन्ही कार्डांवर काय लिहिलंय ते आज काढून बघा. मी पैज लावायला तयार आहे.

म्हणून या वेळी घरूनच लिहून न्या, हिंदीत, चार ओळी, आणि म्हणा की हेच शब्द कार्डावर घाला. साधारण असं: 'सुबह पहली बार स्टार्ट करने के बाद, समतल सड़क पर, सिग्नल से निकलते समय गियर अपने आप डी से एन में चला गया, एन ब्लिंक हुआ, गाड़ी आगे नहीं बढ़ी. इंजन बंद करके चालू करने पर ठीक. ऐसा दो बार हुआ.' खाली दोन्ही तारखा आणि तेव्हाचे किलोमीटर. चढाचा, झटक्याचा, गुडघ्याचा उल्लेख नको. कार्ड छापून आलं की सही करण्याआधी तिथेच उभं राहून वाचा. तुमच्या ओळी नसतील तर सही करू नका. काही ठिकाणी हल्ली सहीऐवजी मोबाइलवर ओटीपी मागतात. तो ओटीपी म्हणजेच तुमची सही, तो वाचल्याशिवाय सांगायचा नाही. घाई असेल तर कार्डाचा फोटो काढा आणि संध्याकाळी वर्कशॉपला आणि कंपनीच्या ग्राहकसेवेला एकच ईमेल टाका: आज अमुक तक्रार घेऊन गाडी दिली. ईमेलची तारीख कुणाला खोडता येत नाही.

गाडी सकाळी नेऊन देऊ नका, आदल्या संध्याकाळी द्या. दोष थंड गाडीत येतो ना? तुम्ही लोकमान्य नगरहून वर्कशॉपपर्यंत चालवत नेली की गाडी गरम, दोष गायब, आणि टेस्ट ड्रायव्हर अंगठा दाखवतो. रात्रभर तिथे उभी राहू दे, सकाळी पहिली किल्ली त्यांनी फिरवावी. जमलं तर त्या वेळी तुम्ही हजर राहा आणि बाजूच्या सीटवर बसा. तो चालवतोय आणि तुम्ही बघताय, म्हणजे 'मॅडमची पद्धत' हा विषयच निघत नाही. घरी पुन्हा तसं झालं तर बाजूला थांबून मोबाइलवर व्हिडिओ घ्या, किंवा शेजारी बसलेल्याला घ्यायला सांगा. 'एन' लुकलुकतोय आणि किलोमीटर दिसतायत, एवढं पुरे.

गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक बिघाडाचा कोड साठतो, आणि बऱ्याचदा त्या क्षणीचा वेग, तापमान असा तपशीलही. वर्कशॉपवाले मशीन लावतात, कोड वाचतात आणि पुसतात. पुसण्याआधी त्याची प्रिंट मागा, नाहीतर स्क्रीनचा फोटो. दोष परत आला आणि तोच कोड परत आला, तर हा कागद दहा भांडणांच्या तोडीचा आहे. याच कारणासाठी गाडीच्या बॅटरीची वायर काढू देऊ नका, काही कोड त्यात उडून जातात. सॉफ्टवेअर टाकलं म्हणतात ना, तर कोणतं, कशासाठी, आणि त्यानंतर क्लचची जुळणी पुन्हा शिकवली का, हे कार्डावर लिहून घ्या. सॉफ्टवेअर बदलून ही जुळणी केली नाही तर गाडी आधीपेक्षा वाईट चालू शकते.

क्लचप्लेटचं त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. बहुतेक वॉरंटी पुस्तिकांत क्लचप्लेट, ब्रेक पॅड, वायपर हे झिजणारे भाग म्हणून वगळलेले असतात. तुमच्या पुस्तिकेतलं ते पान उघडा. पण नुसतं 'गेली असेल' म्हणून पैसे भरायचे नाहीत. गिअरबॉक्स उतरवल्यावर जुनी प्लेट तुमच्यासमोर काढायची, फोटो घ्यायचा, आणि कारण लेखी मागायचं. तापून जळालेल्या प्लेटला वास असतो आणि समोरच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे ती ज्या जड चाकाला घासते त्यावर, निळसर डाग पडतात. ते दिसले तर घाटातली चूक तुम्ही मान्य करून टाका, मीही तेच सांगेन. पण अ‍ॅक्च्युएटर नीट दाबत नव्हता म्हणून प्लेट झिजली असेल, तर झिजणारा भाग ही सबब चालत नाही, कारण मूळ दोष वॉरंटीतल्या भागाचा आहे. हा प्रश्न तोंडी नको, ईमेलवर विचारा. आणि प्लेट बदलली म्हणून सकाळचा 'एन' थांबेल असं धरून चालू नका. ते दोन आजार वेगळे असू शकतात.

दिरांचा मिस्त्री चांगला असेलही. त्याला शेजारी बसवून चक्कर मारा, त्याचं ऐका, चहा पाजा. बॉनेट उघडून हात मात्र घालू देऊ नका. एक वायर कापलेली दिसली, एक सील तुटलेलं दिसलं की कंपनीला हवी ती पळवाट मिळते. बाहेरून बसवलेला हॉर्न किंवा दिवे असतील तर त्यांची बिलं शोधून ठेवा, शोरूमनंच बसवले असतील तर ते बिल जास्तच उपयोगी.

मुलाचं म्हणणं बघू. नवी गाडी माग, हे पहिल्या दिवशी म्हणू नये. अमेरिकेत अमुक वेळा दुरुस्ती करूनही दोष राहिला तर गाडी परत घ्यावी लागते असे कायदे आहेत, आपल्याकडे तसा थेट कायदा नाही. सुप्रीम कोर्टानं २००६ च्या एका निकालात असंच म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करायचं किंवा बदलून द्यायचं वचन आहे, तर अख्खी गाडी बदलून द्या असं म्हणता येत नाही. तेव्हा मागणी अशी ठेवा: दोष कायमचा काढा, अ‍ॅक्च्युएटर बदला, बदललेल्या भागाची वॉरंटी लेखी द्या. हे तीनदा करूनही तोच कोड परत आला, तर गाडी बदलून मागण्याला वजन येतं, कारण मग तुमच्या हातात दोष मुळातूनच असल्याचा पुरावा असतो.

पायऱ्या मात्र चढत जा. वर्कशॉप मॅनेजरनं ऐकलं नाही तर कंपनीच्या ग्राहकसेवेत तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. बहुतेक गाड्या इथेच सुटतात, कारण मग कंपनीचा इंजिनीअर भोपाळहून नाहीतर मुंबईहून येतो आणि वर्कशॉपला फायनल उत्तर द्यावं लागतं. नाही सुटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ती हुकूम देत नाही, पण तक्रार कंपनीकडे पाठवते आणि कंपन्या तिचं उत्तर देतात. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात तुम्ही जिथे राहता तिथेच, म्हणजे इंदुरातच, तक्रार करता येते; कंपनीचं ऑफिस कुठेही असो. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाकडे जाते. गाडी पाच ते दहा लाखांतली असेल तर फी २०० रुपये, दहा ते वीस लाखांत असेल तर ४००. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही, तरी मी तुम्हाला लावायलाच सांगेन. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, तेव्हा 'बघू दिवाळीनंतर' म्हणत बसू नका. तज्ज्ञाकडून तपासणी लागली तर निकाल पाच महिन्यांत व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त धरा. म्हणून मी आयोगाची पायरी शेवटची ठेवतो.

विकायचं म्हणाल तर सध्या नको. वॉरंटीतला दोष फुकट निघत असताना पाडून विकायची काय घाई? शिवाय घेणाऱ्याला 'एन'चं सांगणार की नाही, हा प्रश्न तुमच्यासारख्या माणसाला रात्री झोपू देणार नाही.

गाडी परत मिळेल तेव्हा 'समाधानी' वर खूण करू नका, 'गाडी ताब्यात घेतली, तक्रार तपासून बघायची आहे' एवढं लिहा. दोन दिवसांनी कंपनीतून फोन येईल, दहापैकी किती गुण देता? त्याआधी वर्कशॉपचा मुलगा तुम्हाला गळ घालेल, 'मॅडम, दस दे देना, नौकरी का सवाल है.' त्याचं गाडं त्या आकड्यावर चालतं हे खरं आहे. मीही गळ घातलेली आहे. दोष निघाला असेल तर मनापासून दहा द्या. नसेल निघाला तर त्या आकड्याइतका वेगानं वरपर्यंत पोचणारा दुसरा निरोप नाही.

आणि तोवर रस्त्यात 'एन' लुकलुकला तर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका. चारही इंडिकेटर लावा, गाडीत गती असेल तर डावीकडे घ्या, ब्रेक दाबून थांबा, बंद करा, दहा आकडे मोजा, ब्रेक दाबून पुन्हा चालू करा. नाही झाली तर मदतीची गाडी बोलवा आणि चारही चाकं वर घेणारीच मागा. गिअर अडकलेला असताना दोरीनं ओढली तर दुरुस्तीचं बिल वेगळंच होईल आणि ते तुम्ही भराल. ओंकारेश्वरची पुढची फेरी दिरांच्या गाडीनं करा.

सोमवारी संध्याकाळी गाडी द्याल ना, तेव्हा नव्या जॉब कार्डाचा फोटो मला पाठवा. त्यावर पुन्हा 'जनरल चेकअप' दिसलं तर ईमेल कसं लिहायचं ते मीच लिहून देतो.